ड्रॉवरमधले अकरा दिवस

एनिस, आयर्लंड
१२ नोव्हेंबर २००१

आदरणीय श्री. प्रल्हाद वऱ्हाडपांडे यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं २९ ऑक्टोबरचं इंग्रजी पत्र आमच्या केंद्रात पोचलं. पाकिटावर नागपूरचा शिक्का पाहून आमच्या प्रमुख नोरीन यांनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी मूळची पुण्याची. माझे यजमान नंदकुमार इथल्या रुग्णालयात डॉक्टर आहेत, त्यामुळे पाच वर्षांपासून आमचा मुक्काम एनिसला आहे. आपल्याला मराठीतून उत्तर गेलं तर बरं वाटेल, म्हणून मी लिहिते आहे.

आपण लिहिलंय की, आपली मुलगी केतकी हिची जूनपासून खबर नाही. ती शॅननच्या ज्या कंपनीत होती तिथून ती गेली. घरही बदललं. आणि ऑक्टोबरात आपल्याला एक चिठ्ठी आली, ‘मी बरी आहे, शोधू नका’ एवढीच. ती चिठ्ठी आमच्या केंद्राचं नाव छापलेल्या कागदावर होती. म्हणून आपण आम्हाला विचारता आहात की, ती कुठे आहे.

काका, मला हे सांगता येणार नाही. ती इथे आली होती की नाही, हेसुद्धा सांगता येणार नाही. आमचं केंद्र पंधरा ते पंचवीस वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. सरकार अनुदान देतं. मुलं येतात, कॉलेजचं विचारतात, खोली कुठे मिळेल, मालकाने काढून टाकलं तर काय करायचं, मन ठिकाणावर नसेल तर कोणाशी बोलायचं, असं काहीही विचारतात. त्यांनी सांगितलेलं आम्ही कोणालाच सांगत नाही. आईवडिलांनाही नाही. दाराशीच तशी पाटी आहे, आणि त्या पाटीच्या भरवशावरच मुलं आत येतात.

एक मात्र करता येईल. आपण मुलीच्या नावे बंद पाकीट माझ्याकडे पाठवा. त्या नावाची व्यक्ती कधी आली, तर ते तिच्या हाती जाईल. आम्ही उघडणार नाही.

आपली,
वैदेही मुजुमदार


नागपूर
२६ नोव्हेंबर २००१

सौ. वैदेही मुजुमदार यांस,
स. न.

आपलं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं आरेखक होतो. सरकारी उत्तर कसं लिहितात ते मला समजतं. आपलं मराठीतलं आहे, एवढाच फरक.

आपण मराठी बाई. आपल्यालाही लेकरं असतील. एका बापाला त्याची मुलगी जिवंत आहे की नाही हे सांगायचं नाही, असा कुठला कायदा? आणि वर सरकार त्याला अनुदान देतं? आमच्याकडे पोरगी बेपत्ता झाली तर सरकार शोधायला मदत करतं, लपवायला नाही.

केतकी कोण आहे ते आपल्याला ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. आमची एकुलती एक. लग्नानंतर अकरा वर्षांनी झाली. दहावीला बोर्डात आली. इंजिनीअरिंगला असताना रात्रंदिवस अभ्यास. आयर्लंडची नोकरी मिळाली तेव्हा मी नकाशा काढून तिच्या आईला समजावलं, की हे बघ, हे आपलं नागपूर, हे शॅनन. ती म्हणाली, ‘इतक्या लांब? मधे एवढं सगळं पाणी?’ तरी दोघांनी पाठवली. माझ्या सख्ख्या भावाने नावं ठेवली, तरी पाठवली.

मधे थोडा गैरसमज झाला. घरोघरी होतो. त्यासाठी कोणी आईबापाला तोडत नाही.

पद्मिनी, म्हणजे केतकीची आई, पोस्टमन येण्याच्या वेळेला फाटकाशी उभी राहते. रोज विचारते, ‘काहून लिहीत नसेल हो ती?’ मी काय सांगू? आयर्लंडच्या सरकारचा नियम सांगू?

पाकीट सोबत जोडलं आहे.

प्रल्हाद वऱ्हाडपांडे


एनिस
१४ डिसेंबर २००१

आदरणीय काका,
सा. न.

आपला राग मी समजू शकते. त्यावर काही लिहीत नाही.

आपण पाठवलेलं पाकीट आता आमच्याकडे नाही. एवढंच कळवते.

वैदेही


नागपूर
२८ डिसेंबर २००१

चि. सौ. वैदेहीताई,
अनेक आशीर्वाद.

आपल्या दोन ओळी वाचून पद्मिनी खुर्चीतच बसून राहिली. मग उठली आणि तिने शिरा केला. नैवेद्य दाखवला. पाकीट तिथे नाही म्हणजे घेऊन गेली. घेऊन गेली म्हणजे आहे! आपण लिहिलं नाही, पण आम्ही वाचलं. मागच्या पत्रात जास्त बोललो असेन तर म्हाताऱ्याचं समजून सोडून द्या.

आता ती येईल. फार तर होळीपर्यंत. पत्रात मी लिहिलं आहे, की झालं गेलं विसरून जा, तुझ्या मनाविरुद्ध काही होणार नाही.

आपल्यापासून काय लपवायचं? मागल्या वर्षी डिसेंबरात ती सुट्टीवर आली होती. एक चांगलं स्थळ होतं, पुण्याचंच. मुलगा अमेरिकेत. तिला दाखवायचा कार्यक्रम केला. तिला आवडलं नाही. भांडण झालं आणि ती परत गेली. एवढंच. माझ्या कपाटातून तिने पासपोर्ट काढून नेला, न विचारता. तेही मी मनात ठेवलेलं नाही.

ती जेवते नीट? थंडीत तिला सर्दी फार होते. पद्मिनी म्हणते, ओवा भाजून फडक्यात बांधून हुंगायला सांगा. सांगता येत असेल तर सांगा. नियमात बसत नसेल तर असंच कोणाला तरी सांगितल्यासारखं सांगा.

आपला,
प्रल्हाद वऱ्हाडपांडे


एनिस
२२ जानेवारी २००२

आदरणीय काका,
सा. न.

हे पत्र मी केतकीच्या परवानगीने लिहिते आहे. काय लिहायचं तेही तिनेच सांगितलंय. मी मसुदा तिला वाचून दाखवला आणि मगच पाकिटात घालते आहे.

ती बरी आहे. जूनमध्ये तिच्या कंपनीतला तिचा विभाग बंद झाला. तिचा कामाचा परवाना त्या कंपनीपुरता होता, त्यामुळे नोकरीबरोबर राहण्याचा हक्कही जाणार होता. तेव्हा ती आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी ती तीन तास बसली आणि फक्त एक वाक्य बोलली, ‘मला घरी जायचं नाहीये.’ आम्ही तिला मार्ग शोधून दिला. आता ती तरुण मुलांसोबत काम करण्याचा एक अभ्यासक्रम शिकते. आठवड्यातून दोन दिवस ॲथलोनला, बाकीचे दिवस इथे. मिसेस क्रॉटी नावाच्या एका आजींकडे राहते. त्या तिला मुलीसारखं वागवतात. ओव्याचा निरोप मी दिला. ती हसली आणि मग उठून बाहेर गेली.

तिला सध्या संपर्क नको आहे. का, ते तिने लिहायला सांगितलंय.

ती सुट्टीवर आली नव्हती, काका. आपण तिला फोन केला होतात, आईला हार्ट ॲटॅक आला आहे, वेळ थोडा आहे. ऑफिसच्या फॅक्सवर ईसीजीची पट्टी पाठवली होतीत. ती तीन विमानं बदलून, संपूर्ण वाटभर रडत आली. घरी पोचली तर दारात आई नवी साडी नेसून उभी, आणि बैठकीत मुलाकडचे चहा पीत बसलेले. नंतर एकोणीस दिवस तिचा पासपोर्ट आपल्या कपाटात कुलपात होता.

तिने मला विचारलं, ‘ताई, आई मरणार म्हणून मी जे रडले ते कोणाकडून परत मागू?’ हे वाक्य तसंच लिही म्हणाली.

वैदेही


नागपूर
५ फेब्रुवारी २००२

चि. सौ. वैदेहीताई,
अ. आ.

तिने सांगितलं ते सगळं खरं आहे.

ईसीजी माझ्या मित्राच्या मेहुण्याचा होता. पद्मिनीला मी काही सांगितलं नव्हतं. केतकी अचानक सुट्टीवर येते आहे, एवढंच तिला ठाऊक. पोर दारात आईच्या गळ्यात पडून ‘तू बरी आहेस? तू बरी आहेस?’ म्हणत राहिली, तेव्हा पद्मिनी माझ्याकडे बघत होती. नंतर दोन महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

मला वाटलं, लग्न झालं की मुलगी विसरेल. तेवीस वर्षांची झाली, परदेशात एकटी, लोक विचारतात. मी वाईट हेतूने केलं नाही. पण ते आता कोणाला सांगू?

काही मागत नाही. आपण तिला सांभाळता, तेवढं पुरे आहे.

प्र. वऱ्हाडपांडे


नागपूर
१८ मार्च २००२

वैदेहीताई,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

पद्मिनी आजारी आहे. जानेवारीपासून तिला जेवण जात नव्हतं, पाठ दुखायची. आम्ही पित्त समजलो. मागच्या आठवड्यात तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि यकृतात पसरला आहे. डॉक्टर म्हणतात ऑपरेशनचा उपयोग नाही. दोन महिने म्हणाले. कमीही असतील म्हणाले.

तिला गाठ आहे एवढंच सांगितलंय. औषधांनी बरी होशील, असं सांगितलंय.

ताई, हेच शब्द मी एकदा खोटे वापरले आहेत. आता खरे झाले तर मला दुसरे शब्द कुठून आणता येतील? रिपोर्टच्या प्रती जोडतो. केतकीसाठी पाकीटही जोडतो. पण मला माहीत आहे की रिपोर्ट मी मागच्या वेळीही पाठवला होता.

आपले यजमान डॉक्टर आहेत. त्यांना दाखवा. इथल्या डॉक्टरांचा नंबर त्यावर आहे, त्यांना फोन करा. फोन पद्मिनीच्या खाटेजवळ आहे म्हणून मी घरून फोन करत नाही. तिच्यासमोर मला हे बोलता येणार नाही.

ती रात्री झोपेत केतू, केतू म्हणत असते.

प्रल्हाद


एनिस
२८ मार्च २००२

आदरणीय काका,

आपलं पत्र आणि पाकीट केतकीला दिलं.

ती म्हणते की मागच्या वेळीही ‘आईशी फोनवर बोलता येणार नाही’ असंच होतं, कागद होते, ‘दिवस थोडे’ होते. ती आपल्याला फोन करायला तयार नाही. म्हणाली, ‘बाबांचा आवाज ऐकला की मी विरघळते. त्यांना ते माहीत आहे.’

तिचं म्हणणं एवढंच आहे की आईने स्वतःच्या हाताने लिहावं. आपण मजकूर सांगू नये, वाचू नये. आईने पाकीट स्वतः बंद करावं.

तिची अंतिम परीक्षा २५ आणि २६ एप्रिलला आहे. ती पास झाली तर तिला इथे राहता येईल, काम करता येईल. नाही झाली तर तिचं इथलं सगळं संपेल. हे आपण ध्यानात घ्यावं.

वैदेही मुजुमदार


नागपूर
९ एप्रिल २००२

वैदेहीताई,

पद्मिनीचं पाकीट सोबत आहे. तिने काल दुपारी लिहिलं. मी पाठीला उशा लावून तिला बसवलं, पाटी मांडीवर दिली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. चार ओळींना पाऊण तास लागला. पाकीट चिकटवायला मात्र मला बोलवावं लागलं, जीभ कोरडी होती तिची. मी पाणी लावून चिकटवलं. वाचलं नाही. देवाशपथ वाचलं नाही.

अक्षर तिचं वाटणार नाही. वाकडंतिकडं झालं आहे. पण तिचंच आहे.

हे स्पीड पोस्टाने पाठवतो. मिळताच केतकीला द्या. एक दिवसही मधे जाऊ देऊ नका. मी आपल्या पाया पडतो.

प्रल्हाद


एनिस
४ मे २००२

आदरणीय काका,

केतकीने परवा मिसेस क्रॉटींना फोन केला. त्यांनी मला सांगितलं. केतकी घरी पोचली त्याच्या आदल्या दिवशी, २८ तारखेला सकाळी, काकू गेल्या.

मला जे लिहायचंय ते केतकीने अजून आपल्याला सांगितलं नसेल. तिला कदाचित ठाऊकही नसेल. म्हणून मीच लिहिते.

काकूंचं पाकीट माझ्याकडे १५ एप्रिलला, सोमवारी पोचलं. मी ते केतकीला २६ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी दिलं. मधले अकरा दिवस ते माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होतं. त्या अकरा दिवसांत केतकी दोनदा केंद्रात आली. एकदा माझ्यासमोर बसून तिने चहा घेतला. ‘काही आलं का गं ताई?’ म्हणून तिने विचारलं, आणि मी नाही म्हटलं.

२३ तारखेला आपला फोन आला होता. मी तिथेच होते. नोरीनला मी खुणेने सांगितलं, मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग.

मला ते खोटंच वाटत होतं, काका. मी रिपोर्ट नंदकुमारला दाखवले नाहीत. आपण डॉक्टरांचा नंबर दिला होतात, मी फोन केला नाही. मार्चमध्ये आपलं पत्र दिलं तेव्हा केतकीने मला विचारलं होतं, ‘ताई, तुला काय वाटतं?’ अशा वेळी आमचं काम एकच असतं. काय काय शक्य आहे ते समोर ठेवायचं, फोन हातात द्यायचा आणि ठरवायचं तिच्यावर सोडायचं. मी म्हटलं, ‘मला वाटतं थांब.’ ती थांबली, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता.

मी मुंबईला समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा मला तार आली होती, वडील अत्यवस्थ, निघ. मी पुण्याला पोचले तर वडील अंगणात झाडांना पाणी घालत होते. पंधरा दिवसांनी माझं लग्न झालं. नंदकुमार भला माणूस आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ती तार मी कधी विसरले नाही. आपलं पत्र हातात आलं तेव्हा मला तीच तार दिसली. मी मनाशी म्हटलं, ही मुलगी तरी परीक्षा देईल. मी केतकीला वाचवते आहे असं मला वाटत होतं. मी स्वतःलाच वाचवत होते, तेरा वर्षं उशिरा.

शुक्रवारी ती परीक्षा देऊन आली, हसत होती. पेपर चांगला गेला म्हणाली. मी ड्रॉवर उघडून काकूंचं पाकीट आपल्या बाहेरच्या पाकिटासकट दिलं. तिने उभ्याउभ्याच वाचलं. म्हणाली, ‘हे खरं आहे. किल्लीचं फक्त आईला आणि मला माहीत होतं.’ मग तिने बाहेरचं पाकीट उलटं करून शिक्का बघितला. नागपूर, ९ एप्रिल. माझ्याकडे बघितलं. कदाचित तिला वाटलं असेल की पोस्टाने उशीर केला. मी तिला तसं वाटू दिलं.

शनिवारी पहाटे नंदकुमारने तिला शॅनन विमानतळावर सोडलं. मी गाडीत बसले नाही.

हे सगळं मी नोरीनला सांगितलं आहे आणि राजीनामा दिला आहे. क्षमा मागायला मला तोंड नाही. पण एका बापाला एवढं तरी कळलं पाहिजे, की त्याची मुलगी यायला का उशीर झाला. उशीर तिने केला नाही.

वैदेही


नागपूर
२२ मे २००२

चि. सौ. वैदेहीताईस,
अनेक आशीर्वाद.

आपलं पत्र आलं तेव्हा केतकी इथेच होती. मी ते आधी एकट्याने वाचलं आणि मग तिला दिलं. आता मी कोणाचं पत्र लपवणार नाही. तिने वाचलं, घडी केली, आणि आत जाऊन आईच्या खाटेवर बसली. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘मी ताईला उत्तर देणार नाही. आत्ता तरी नाही.’ ते मी आपल्याला तसंच कळवतो.

ती आली ते सांगतो. सोमवारी दुपारचे चार वाजले असतील. आमच्याकडे तेव्हा चव्वेचाळीस डिग्री. दारं-खिडक्या बंद करून मी एकटाच बसलो होतो. फाटकाशी रिक्षा थांबली. हातात एक लहान बॅग, अंगात तिकडचं गरम जाकीट तसंच. तिने आत पाहिलं. खाट भिंतीला लावून ठेवलेली, कोपऱ्यात दिवा. ‘कधी?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘काल सकाळी.’ मग तिने विचारलं, ‘आईने माझं नाव घेतलं?’

ताई, मला खोटं बोलता आलं असतं. शेवटच्या श्वासापर्यंत तुझंच नाव होतं, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, ‘शेवटचे तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती. त्याआधी रोज घ्यायची.’ तेव्हा ती रडली. पण मला जवळ येऊ दिलं नाही. जाकीट घालूनच रडत राहिली.

आईचं पत्र तिने मला दहाव्या दिवशी दाखवलं. त्यात लिहिलं होतं:

‘केतू, या वेळी खरं आहे. कपाटाची किल्ली मी दिली होती ते यांना अजून सांगितलेलं नाही. तू आलीस तर बरं वाटेल. परीक्षा-बिरीक्षा असेल तर देऊन ये, घाई करू नको.’

म्हणजे पासपोर्ट तिने काढून दिला होता. सव्वा वर्ष माझ्यासमोर जेवायला वाढत होती, आणि पोरीने चोरी केली म्हणून मी बडबडायचो ते ऐकून घेत होती.

शेवटची ओळ आपल्याला सांगावी की नाही, यावर मी बराच विचार केला. आपलं मन हलकं व्हावं म्हणून सांगत नाही. ती ओळ तिने का लिहिली ते सांगायचं आहे. स्वतःचे दिवस किती उरले आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते सांगा, मी म्हटलं, नको, खचून जाईल. तिला ठाऊक असतं तर तिने लिहिलं असतं, तशीच निघ. तिचा निरोपसुद्धा मी तिला धड देऊ दिला नाही.

आपण अकरा दिवस पाकीट ठेवलं. मला आपला राग आला. अजून आहे. पहाटे जाग येते तेव्हा पहिला तोच येतो. चार दिवस आधी आली असती तरी आईने तिला ओळखलं असतं, हा हिशेब मी रोज करतो. क्षमा केली असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण केतकीने खोट्यावर विश्वास ठेवला, आपण खऱ्यावर ठेवला नाहीत, आणि ही दोन्ही एकसारखी दिसायला लागली ती माझ्यामुळे. हेही तितकंच खरं आहे. आपल्या वडिलांनी ती तार केली तेव्हा त्यांनाही वाटलं असेल की, लग्न झालं की पोरगी विसरेल.

तेरावा दहा तारखेला झाला. केतकी पंधराला निघाली. त्या पाच दिवसांत आम्ही फार बोललो नाही. तिने मला कुकर लावायला शिकवलं, वरणाला किती शिट्ट्या आणि भाताला किती. आईच्या साड्या शेजारी वाटून टाकल्या, एक जुनी सुती ठेवून घेतली. तिचा निकाल तिकडून फोनवर कळला. पास झाली आहे. मी म्हटलं, ‘पेढे आणू?’ आणि लगेच कुकर लावायला उठलो.

ती तिकडे त्या मुलांसोबतच काम करणार आहे. मी विचारलं, ‘म्हणजे नेमकं काय करशील?’ म्हणाली, ‘ज्यांना घरी सांगता येत नाही, त्यांचं ऐकून घेईन.’ मी मान हलवली. अजून काय करणार?

स्टेशनवर मी सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. ती खिडकीशी बसली, मी खाली उभा. पाण्याची बाटली दिली. गाडी हलायच्या आधी ती म्हणाली, ‘बाबा, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. मला जमत नाहीये. पण महिन्यातून एकदा फोन करीन.’

मी म्हटलं, ‘एवढं पुरे आहे.’

पुरे नाही, ताई. पण मी तसं म्हटलं.

आपला,
प्रल्हाद वऱ्हाडपांडे